बॅन्टमच्या पोटातला वळसा

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात बीएसए कंपनीच्या बॅन्टम मोटरसायकलपुढे कुणीतरी हमखास म्हणतं, "अस्सल ब्रिटिश माल!" माल अस्सलच, पण जर्मन. सॅक्सनीतल्या झोपाऊ गावी डीकेडब्ल्यू कारखान्यात हेरमान वेबरने आखलेली आरटी १२५ ही तिची आई. १९३९ ची. जर्मनी युद्ध हरल्यावर तिचे आराखडे भरपाई म्हणून जेत्यांच्या हाती पडले. रशियात मॉस्क्वा, अमेरिकेत हार्लेची १२५ आणि बर्मिंगहॅमला, १९४८ मध्ये, बॅन्टम डी१. जपानमध्ये यामाहाची पहिली गाडी, १९५५ ची वायए-१, तीही याच वळणाची.

एवढ्या लोकांनी उचलावं असं तिच्यात काय होतं?

तिचं इंजिन टू-स्ट्रोक. अशा साध्या टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात. पोर्ट, म्हणजे वायूच्या ये-जा करायच्या खिडक्या, सिलिंडरच्या भिंतीतच असतात आणि पिस्टन जाता-येता ते उघडतो, झाकतो. अडचण अशी की जळका वायू बाहेर पडत असतानाच ताजं मिश्रण आत येतं. पाहुणे निघायच्या आत पुढची पंगत बसावी, तसं. जुन्या इंजिनांत पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा ठेवून ताजी हवा वर वळवत. त्याने पिस्टन जड व्हायचा आणि एका अंगाने जास्त तापायचा.

अडॉल्फ श्न्यूर्ले या जर्मन इंजिनिअरने १९२० च्या दशकात उंचवटाच काढला, आणि आरटी १२५ ने हीच युक्ती घेतली. एक्झॉस्टच्या दोन्ही अंगांना ताजं मिश्रण आत सोडणारा एकेक ट्रान्सफर पोर्ट दिला, पण दोघांचा रोख एक्झॉस्टकडे पाठ करून, तिरका. पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये दाबलेलं मिश्रण दोन्हीकडून शिरतं, मागच्या भिंतीपाशी एकमेकांना भिडतं, भिंत धरून वर चढतं, हेडखाली वळतं आणि पुढून खाली उतरताना जळक्या वायूला एक्झॉस्टबाहेर ढकलतं. पोर्टचा कोन चुकला तर ताजं पेट्रोलच सायलेन्सरमध्ये जातं. थोडं तर तसंही जातंच.

गिअरचा पाय ब्रिटिश सवयीप्रमाणे उजवीकडे हवा, म्हणून बीएसएने सगळं इंजिन आरशात दिसावं तसं उलटवलं. वळसा मात्र तोच राहिला, कारण त्याची डावी-उजवी बाजू सारखीच!

"पेट्रोलात ऑइल थोडं जास्तच टाका, इंजिनाच्या तब्येतीला बरं" असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. एका बॅन्टमचा ब्लॉक उतरवला तेव्हा तिच्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये करंगळी जेमतेम शिरत होती, इतकी काजळी. वर, ऑइल वाढलं की त्याच थेंबातलं पेट्रोल कमी होतं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन उलट जास्त तापतं.

पुढची वीसेक वर्षं बॅन्टम सुधारत गेली. सुरुवातीच्या डी१ ला मागे स्प्रिंगसुद्धा नव्हती, पुढे मागचं चाक वर-खाली हलू देणारा स्विंग-आर्म आला. तीनचे चार गिअर झाले. साडेचार अश्वशक्तीची बारावर गेली. १२३ सीसीची १९५४ मध्ये १४८ आणि १९५८ मध्ये १७२ झाली, पण ती फक्त बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, रुंदावून: ५२ मिमी, ५७, मग ६१.५. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, वेबरने ठेवली तीच, ५८ मिमी, १९७१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत.