वाफेने छातीतले जंतू मरत नाहीत

खोकला लागला की घरातलं कुणीतरी पातेलं चढवतंच. डोक्यावरून टॉवेल, तोंडावर वाफ आणि वर ठाम आश्वासन: "छातीतले जंतू जळून जातील." नाही जळत.

जंतू मरतील इतकी गरम हवा फुप्फुसात पोचली, तर आधी आपल्याच पेशी भाजतील. सुदैवाने ती पोचत नाही. आत घेतलेली हवा थंड असो वा गरम, नाक-घसा पार करून खोल जाईपर्यंत ती शरीराच्या तापमानाला, म्हणजे साधारण ३७ अंशांवर येते. वाफेचं तर वाटेतच पाणी होतं. मग बरं का वाटतं? नाकात वाळून चिकटलेला शेंबूड ओलाव्याने सैल होतो, श्वास मोकळा वाटतो. तेवढंच, आणि तेही घटकाभर. उलट पातेलं मांडीवर कलंडून मुलं भाजल्याच्या घटना घडतात, म्हणून लहानांना अशी वाफ देऊच नये.

खोकल्याला मध त्यापेक्षा कामाचा. झोपण्यापूर्वी चमचाभर घेतला की रात्रीची ढास थोडी कमी होते, असं मुलांवरच्या चाचण्यांत दिसलंय. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र बोटभरही चाटवू नका. बोट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

साधा खोकला तीनेक आठवडे रेंगाळतो, त्याला घाबरायचं कारण नाही. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, थुंकीत रक्त दिसलं किंवा ताप उतरतच नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरकडे जा.