सूची कशी शोधावी आणि कशी वापरावी : संशोधक ग्राहकांसाठी माहिती

प्रबंधाच्या टंकलेखनासाठी व संदर्भांच्या मांडणीसाठी आमच्याकडे येणारे अनेक अभ्यासक पुस्तकांचा शोध थेट इंटरनेटवरून सुरू करतात. जुन्या मराठी विषयांसाठी ही वाट अपुरी पडते, म्हणून कपाटाकडे किंवा संगणकाकडे वळण्याआधी छापील सूची, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांच्या नोंदींची यादी, पाहावी, असा आमचा आग्रह आहे.

मराठीत या कामाचा पाया शंकर गणेश दाते यांनी घातला. त्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'च्या पहिल्या भागात 1800 ते 1937 आणि दुसऱ्या भागात 1938 ते 1950 या काळातील पुस्तकांच्या नोंदी आहेत. त्यांचे नाव धारण करणाऱ्या दाते सूची मंडळाने 1800 ते 1950 मधील नियतकालिकांचीही सूची केली. पुढच्या काळासाठी 1958 पासूनची भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची उपयोगी आहे. मात्र ती कायद्यानुसार राष्ट्रीय ग्रंथालयात जमा झालेल्या पुस्तकांवर आधारलेली असल्याने, प्रकाशकाने न पाठवलेले पुस्तक तिच्यात सापडत नाही.

कोणतीही सूची उघडल्यावर प्रथम प्रस्तावना वाचावी. कालमर्यादा कोणती, पुस्तिका घेतल्या की वगळल्या, संकलकाने प्रत स्वतः पाहिली की दुसऱ्या यादीवरून नोंद घेतली, हे तिथेच कळते, आणि ते न कळता 'या विषयावर पुस्तकच नाही' असे प्रबंधात लिहिणे धोक्याचे ठरते.

समजा, विषय एकोणिसाव्या शतकातील पाकशास्त्राची पुस्तके असा आहे. अशा वेळी केवळ पाकशास्त्राचा विभाग पाहून थांबू नये. गृहव्यवस्था, आरोग्य आणि वैद्यक हे विभागही चाळावेत, कारण पथ्याचे पुस्तक तिथे गेलेले असू शकते. मुखपृष्ठावर शके 1797 असेल, तर ते वर्ष 1875 च्या वसंतात सुरू होऊन 1876 मध्ये संपते. महिना ठाऊक नसल्यास '1875-76' असेच नोंदवावे. लेखक टोपणनावाने लिहीत असल्यास दोन्ही नावांखाली पाहावे : कुसुमाग्रज आणि विष्णु वामन शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी. संगणकावर शोधताना जुने अनुस्वारयुक्त लेखनही वापरून पाहावे, कारण 'नाव' टाकून 'नांव' सापडेलच असे नाही.

सूचीतून मिळालेली नोंद हा केवळ पत्ता आहे. पुस्तक प्रत्यक्ष न पाहता ते संदर्भसूचीत घालू नये, आणि पाहिल्यावर आवृत्ती, प्रकाशनस्थळ व वर्ष मुखपृष्ठावरूनच उतरवावे. हाती आलेल्या चांगल्या ग्रंथाच्या शेवटची संदर्भसूची, तसेच 'शोधगंगा' या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरील प्रबंधांच्या संदर्भसूची तपासल्यास शोध आणखी पुढे सरकतो.

आमच्याकडे येताना विषय, कालमर्यादा आणि आजवर पाहिलेल्या सूचींची भागासह यादी लिहून आणावी, म्हणजे त्याच नोंदी पुन्हा तपासण्यात आपला वेळ व पैसा जाणार नाही.