गादी सरकत नाही

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीला (गणपतीच्या वर टांगलेल्या, फळाफुलांनी सजवायच्या चौकटीला) नारळांचा घड बांधताना आमच्या शेजाऱ्यांच्या कमरेत उसण भरली आणि रात्रीपर्यंत कळ डाव्या पोटरीपर्यंत उतरू लागली. सणाला घरी आलेल्या प्रत्येकाने एकेक उपाय सांगितला: पायाळू (जन्मताना पायांनी बाहेर आलेल्या) माणसाकडून पाठीला तीनदा पाय लावून घ्यावा, फळीवर निजावे, महिनाभर खाट सोडू नये. पुढे फोंड्यात एमआरआय झाला आणि अहवाल नीट वाचण्याआधीच 'गादी सरकली' असे घरात ठरून गेले.

हा शब्दप्रयोगच बऱ्याच गैरसमजांचे मूळ आहे, असे मला वाटते. जी वस्तू सरकते ती ढकलून पुन्हा जागेवर बसवता येईल, असे ओघानेच वाटते आणि 'गादी बसवून देणाऱ्यां'चे दुकान त्यावरच चालते. प्रत्यक्षात गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती आणि ती वरच्या व खालच्या मणक्याला तंतूंनी घट्ट जखडलेली असते. तिच्या मध्यभागी मऊ, पाणीदार गर असतो आणि भोवती कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाच्या १५ ते २५ पापुद्र्यांचे कडे असते, ज्यात एका पापुद्र्याचे तंतू एका बाजूला तिरके, तर पुढच्याचे विरुद्ध बाजूला तिरके असतात. या कड्याला चीर पडली, तर गर बाहेर डोकावतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळाला डिवचतो. म्हणजेच चकती फुगते किंवा फुटते, पण आख्खी जागा सोडून सरकत नाही. अशा फुटलेल्या चकतीमुळे पायात कळ उतरते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली शस्त्रक्रियांच्या आधारे दाखवून दिले होते.

बाहेर आलेल्या या गराचे पुढे काय होते, हा मला या विषयातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. प्रौढ माणसाच्या चकतीच्या गरात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेशी त्याची फारशी ओळख होत नाही. तो फुटून बाहेर पडला की त्याला परका समजून भक्षकपेशी त्याच्याभोवती गोळा होतात, नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात आणि मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरे (एन्झाइम) त्याचे कोलॅजेन व पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन तोडू लागतात. यातले सातव्या क्रमांकाचे विकर भक्षकपेशींवरील टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन सुटे करते, ते प्रथिन चकतीच्या पेशींना तिसऱ्या क्रमांकाचे विकर बनवायला लावते आणि त्यातून आणखी भक्षकपेशींना बोलावणे जाते. ज्या दाहामुळे नस ठणकते, तोच दाह गर साफही करतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पूर्ण तुटून सुटा झालेला तुकडा सुमारे ९६ टक्के रुग्णांत शस्त्रक्रियेविना आक्रसल्याचे आढळले, कड्याबाहेर पडलेला गर ७० टक्क्यांत, तर नुसती फुगलेली चकती केवळ १३ टक्क्यांत. अहवालात जे सर्वांत भयंकर वाचू येते, ते विरून जाण्याचा संभव सर्वांत अधिक! मात्र याला काही महिने लागतात. दुखणे बहुधा त्याआधीच उतरू लागते.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा हिशेब मांडला होता. विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत फुगलेली चकती दिसली. तेव्हा कागदावरची प्रत्येक चकती दुखण्याची गुन्हेगार नसते आणि कमरेचे बहुतेक दुखणे काही आठवड्यांत आपसूक ओसरते. पायाळू माणसाचा पाय, मंतरलेले तेल आणि बाजारातला महागडा चुंबकी पट्टा या तिघांनाही श्रेय मिळते ते याच ओसरण्याचे.

खाट धरण्याचा सल्ला तर १९९५ सालीच निकालात निघाला. हेलसिंकी येथील १८६ कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत दोन दिवस झोपून राहणाऱ्यांपेक्षा, आणि पाठीचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही, झेपेल तेवढी रोजची कामे करत राहिलेले लोक लवकर बरे झाले. फळीचीही तीच गत आहे: स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम पडला. कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ताणणे हे दोन्ही उपाय जुनाट कंबरदुखीत सरसकट वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत नमूद आहे.

थांबून पाहण्याचा हा सल्ला सर्वांना लागू नाही. पडल्यानंतर सुरू झालेली जोराची कळ, ताप, कारण नसताना घटणारे वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल, तर तपासणी लगेच व्हावी. पायातली शक्ती झपाट्याने जाणे, मांड्यांच्या मधला, दुचाकीच्या सीटला टेकणारा भाग बधिर होणे किंवा लघवी अडणे ही लक्षणे दिसली, तर मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेल्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळ होण्याची वाट न पाहता रात्रीच मोठे रुग्णालय गाठावे.