वैशाखात मऊ, आषाढात खड्डा

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास एखाद्या गजबजलेल्या बस थांब्यापाशी उभे राहा आणि डांबराकडे नीट पाहा. बसची चाके जिथे टेकतात तिथे दोन उथळ पन्हळी दिसतील, आणि ब्रेक लागतो तिथे डांबराची घडी पुढे सरकलेली असेल. जवळच झेब्रा क्रॉसिंग असेल तर त्याचे सरळ पट्टे नागमोडी झालेले दिसतील. मातीच्या रस्त्यात बैलगाडीची चाकोरी पडायची, तशीच ही डांबरातली चाकोरी. जूनमध्ये तिच्यात पाणी साचते, जुलैपर्यंत तिथे खड्डा होतो आणि सगळा दोष पावसाच्या माथी जातो.

वर्तमानपत्रात छापून येते ते तापमान सावलीतले असते, जमिनीपासून साधारण चार फुटांवर ठेवलेल्या झडपांच्या पांढऱ्या पेटीतले. काळा रस्ता मात्र उन्हातला बहुतेक भाग शोषून घेतो. हवा ३६ अंशांवर असली तरी पृष्ठभाग ५५ ते ६० अंशांवर जातो. डांबराचा दाटपणा प्रयोगशाळेत ६० अंशांवरच मोजतात, तो याच कारणासाठी.

डांबराला बर्फासारखा ठरावीक वितळणबिंदू नसतो, ते हळूहळू सैल होत जाते. ते किती लवकर सैल होते हे पाहायची चाचणी अगदी साधी आहे. पितळी कडीत डांबर भरायचे, त्यावर साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी ठेवायची आणि भोवतीचे पाणी मिनिटाला ५ अंश या गतीने तापवायचे. डांबरासकट गोळी २५ मिलिमीटर खाली आली की तो त्याचा मृदुतांक. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० (व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, दाटपणाची प्रत; आकडा मोठा तितके डांबर कडक) डांबराचा मृदुतांक किमान ४७ अंश असावा लागतो. मग ६० अंशांवर रस्ता वाहून कसा जात नाही? कारण मिश्रणात वजनाने डांबर जेमतेम पाच टक्के असते, बाकी सगळी खडी आणि भुकटी. गाडीचा भार एकमेकींत अडकलेल्या खडीवर जातो आणि डांबर तिला धरून ठेवते. खडी गोल असेल किंवा डांबर जास्त पडले असेल, तर ही पकड सुटते.

दबाईनंतर मिश्रणात ३ ते ५ टक्के पोकळी उरली पाहिजे. गरम डांबर फुगते तेव्हा त्याला शिरायला जागा हवी. पोकळीच नसेल तर ते वर येते आणि रस्त्यावर चकचकीत काळा, चपलेला चिकटणारा पट्टा दिसतो. त्यावर लगेच करायचा उपाय म्हणजे गरम जाड वाळू किंवा बारीक कच पसरून रोलर फिरवणे. तेही एकदा करून भागत नाही.

चाकोरी थांब्यावर आणि सिग्नलला का पडते, याचे उत्तर वजनापेक्षा वेळेत आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारे चाक एका बिंदूवर सेकंदाचा सुमारे दीड शतांश भाग टेकते. थांब्यावरची बस अर्धा मिनिट उभी असते, म्हणजे सुमारे दोन हजार पट जास्त वेळ. डांबर झटक्याला ताठ राहते, पण रेंगाळणाऱ्या भारापुढे नमते. दुचाकीचा साइड स्टँड दुपारभरात रुततो तोही याच न्यायाने. त्याखाली फरशीचा तुकडा ठेवला की भार पसरतो आणि गाडी आडवी होत नाही.

प्रत्येक हवामानाचे डांबर वेगळे. आपल्या मानकांत सलग सात दिवसांच्या सरासरी कमाल तापमानावरून प्रत ठरते: ३० अंशांखाली व्हीजी-१०, ३० ते ३८ ला व्हीजी-२०, ३८ ते ४५ ला व्हीजी-३० आणि त्यावर व्हीजी-४०. नुसता हवेचा आकडा पाहिला तर मुंबईला व्हीजी-२० पुरेल. इथल्या वाहतुकीला ते पुरत नाही. चौकात आणि थांब्यांवर व्हीजी-४० घालणेच शहाणपणाचे. पण हेच कडक डांबर थंड प्रदेशात घातले, तर हिवाळ्यात आकसून तडकेल. म्हणूनच इंग्लंडचे रस्ते मऊ डांबराचे. १९ जुलै २०२२ रोजी तिथल्या कोनिंग्जबीत ४०.३ अंशांची नोंद झाली, त्या दिवसांत हिवाळ्यात मीठ टाकणाऱ्या गाड्या रस्त्यांवर वाळू टाकत फिरत होत्या.

काँक्रीटला चाकोरीचा त्रास नाही, त्याला जागेचा. साडेचार मीटरचा स्लॅब ३० अंशांनी तापला की सुमारे १.३ मिलिमीटर वाढतो. ती वाढ सांध्याने पोटात घ्यायची असते. सांध्यातला लवचिक मसाला निघून तिथे खडे बसले, तर ते पाचरीसारखे अडतात आणि कडा फुटतात. मुंबईत दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक नसतो, त्यामुळे स्लॅब उचलला जाण्याची भीती कमी. इथे खरी हेळसांड होते ती क्युरिंगमध्ये, म्हणजे नवे काँक्रीट ओले ठेवण्यात. उन्हात ओतलेल्या काँक्रीटवर गोणपाट ओले राहिले नाही, तर पहिल्या काही तासांतच केसासारख्या भेगा पडतात.

माणसांचे गणितही किनाऱ्यावर वेगळे. उष्णतेची लाट मानायला मैदानी भागात किमान ४० अंश लागतात, किनाऱ्यावर ३७. मार्चमध्ये सकाळी वारे पूर्वेकडून, तापलेल्या जमिनीवरून येतात. दुपारच्या आत खारे वारे सुरू झाले तर पारा आवरतो, रेंगाळले तर उसळतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले. मे महिन्यात आकडा एवढा चढत नाही, पण ३४ अंशांना ७० टक्के आर्द्रता असेल तर घाम वाळतच नाही आणि अंगाला ते ४५च्या वर वाटते. अशा हवेत दीडशे अंशांचे मिश्रण पसरणाऱ्या मजुराचे काम पहाटे किंवा रात्री ठेवणे हाच मार्ग. रात्री काम केले म्हणून दर्जा घसरत नाही; मिश्रण निवायच्या आत रोलर फिरला म्हणजे झाले.

गाडीवाल्यांनी टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासावी. दर पाच-सहा अंशांना दाब साधारण एक पीएसआयने वाढतो. दुपारी तो जास्त दिसला म्हणून हवा सोडू नये. रात्री टायर निवला की दाब कमी पडतो आणि कमी हवेचा टायरच जास्त तापतो.

भेगा भरायच्या त्या वळीव येण्याआधी, त्या कोरड्या असतानाच. ओल्या भेगेत डांबर धरत नाही. आणि चाकोरीवर नुसता नवा थर ओतू नये. पन्हळीत तो थर जाड बसतो, दोन्ही कडांवर पातळ. रोलरचा ड्रम कडांवर टेकतो आणि मधले मिश्रण कमीच दबते. पुढच्या उन्हाळ्यात चाकोरी त्याच जागी पडते. आधी यंत्राने चार-पाच सेंटिमीटर खरवडून काढावे, तळ सपाट करावा, चिकट थर मारावा आणि मग कडक प्रतीचे मिश्रण भरावे.