राष्ट्रीय महामार्गालगतच्या व्यवसायासाठी प्रवेशरस्त्याची परवानगी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

जमीन आपली, तिची एक बाजू महामार्गाला लागून, म्हणजे तिथून गाड्या आत-बाहेर करण्याचा हक्क आपोआप मिळाला, असा समज सर्रास आढळतो. कायदा नेमका उलट आहे. राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण (जमीन व वाहतूक) अधिनियम, 2002 च्या कलम 28 प्रमाणे महामार्ग प्रशासनाच्या परवानगीशिवाय कोणालाही वाहनाने, किंवा पाच वा अधिक माणसांच्या गटाने पायी, महामार्गावर प्रवेश करण्याचा हक्क नसतो. परवानगी मागायची रीत कलम 29 मध्ये आहे, आणि तपशीलवार निकष केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने 26 जून 2020 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहेत. पेट्रोल पंप, हॉटेल, गोदाम, कारखाना, वसाहतीचा जोडरस्ता, या सगळ्यांना ही परवानगी लागते.

एवढी कडक अट का, हे समजले तर पुढचा अर्ज सोपा जातो. चार रस्ते मिळतात अशा साध्या चौकात गाड्यांचे मार्ग 32 ठिकाणी एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा फुटतात. तीन रस्त्यांच्या टी-जंक्शनवर ही संख्या 9 असते. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उघडणारे तुमचे फाटक म्हणजे असेच एक छोटे टी-जंक्शन. तिथे फक्त डावीकडून आत आणि डावीकडून बाहेर एवढीच हालचाल ठेवली, तर संघर्षाचे दोनच बिंदू उरतात. परवानगीच्या बहुतेक अटींचे मूळ या आकड्यांत आहे.

आधी रस्ता कोणाचा ते पाहा

महामार्ग ‘राष्ट्रीय’ असला तरी प्रत्येक टप्पा एकाच कार्यालयाकडे नसतो. काही टप्पे भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतात. तिथे प्रकल्प संचालकांचे कार्यालय अर्ज तपासते. काही टप्पे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे असतात आणि तिथे कार्यकारी अभियंत्यांशी गाठ पडते. तुमच्या जागेसमोरच्या किलोमीटर दगडावरचा महामार्ग क्रमांक आणि अंतर टिपून घ्या. कार्यालयाच्या भाषेत याला चेनेज म्हणतात, आणि अर्जातली प्रत्येक गोष्ट त्यावरूनच शोधली जाते. चेनेज चुकले की पाहणीला आलेला अभियंता भलत्याच शेताशी उभा राहतो.

राज्य महामार्ग किंवा जिल्हा मार्ग असेल तर 1955 च्या महामार्ग अधिनियमाखाली सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, आणि शहरातल्या रस्त्यासाठी नगरपालिका किंवा महापालिकेकडे जावे लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग यांसारखे प्रवेश-नियंत्रित रस्ते ठरलेल्या इंटरचेंजवरच उघडतात. त्यांच्या कडेच्या प्लॉटला थेट फाटक मिळत नाही, त्यामुळे ‘एक्स्प्रेसवे टच’ अशी जाहिरात वाचून जमीन घेऊ नका.

जागा पात्र आहे का

कागद गोळा करण्यापूर्वी हे तपासावे, कारण नापसंत जागा कागदांनी सुधारत नाही.

पहिली कसोटी दृष्टीअंतराची. समोरून येणाऱ्या चालकाला तुमच्या फाटकातून निघणारी गाडी इतक्या दुरून दिसली पाहिजे, की ब्रेक लावून तो थांबू शकेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत हे थांबण्याचे अंतर ताशी 60 किमी वेगाला 80 मीटर, 80 किमीला 120 मीटर आणि 100 किमीला 180 मीटर धरले आहे. शेवटचा आकडा मोठा वाटतो; पण चालकाला धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवायला 2.5 सेकंद धरतात आणि तेवढ्यात 100 च्या वेगाने गाडी जवळजवळ 70 मीटर पुढे गेलेली असते. तपासणी सोपी आहे. फाटकाच्या नियोजित जागी डोळे जमिनीपासून 1.2 मीटरवर येतील असे बसा आणि दोन्ही बाजूंना पाहा. वळण, चढाचा माथा, पुलाचा कठडा, जाहिरातफलक किंवा झाडोरा आड येत असेल तर फाटक सरकवा. पाहणी पावसाळ्यानंतर करा, कारण उन्हाळ्यात मोकळी दिसणारी कड तेव्हा गवताने झाकलेली असते.

दुसरी कसोटी शेजारच्या फाटक-चौकांपासूनच्या अंतराची. प्रत्येक वापरासाठी अंतरे वेगळी आहेत. पेट्रोल पंपांचे निकष सर्वांत नेमके असल्याने त्यांवरून अंदाज येतो : दोन पंपांमध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर, दोन्ही बाजू मिळून, किमान 300 मीटर आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर 1000 मीटर. चौक, टोल नाका, रेल्वे फाटक यांपासूनची अंतरे याशिवाय पाळावी लागतात.

जागेसमोर सर्व्हिस रोड असेल तर प्रवेश त्याच्यावरूनच मागा. मुख्य मार्गिकेवर थेट प्रवेशाचा अर्ज तिथे टिकत नाही. मागून किंवा बाजूने गावरस्ता असेल तर तोही विचारात घ्या. व्यावसायिक याला फार कचरतात, गिऱ्हाईक येणार नाही म्हणून. पण भरधाव रस्त्यावरचे अरुंद फाटक अनोळखी चालकाच्या लक्षात येते तेव्हा तो पुढे निघून गेलेला असतो, आणि परत वळून सहसा कोणी येत नाही. आधीपासून दिसणारा फलक, वेग कमी करायला वेगळी पट्टी आणि आत गाडी लावायला जागा, हे धंद्यासाठी फाटकाच्या जवळिकीपेक्षा जास्त कामाचे आहे.

लहान प्लॉट रांगेने असतील तर शेजाऱ्यांनी मिळून एक सामाईक प्रवेशरस्ता मागणे हा बहुधा सर्वांत चांगला मार्ग. तीन अरुंद फाटकांना अंतराचा निकष आडवा येतो, एका रुंद प्रवेशाला येत नाही. पट्ट्यांचा आणि मोऱ्यांचा खर्चही वाटला जातो. मात्र वहिवाटीचा करार नोंदणीकृत करा. तोंडी संमती एखादा प्लॉट विकला गेला की संपते.

नकाशात काय असावे

बहुतेक अर्ज इथेच परत येतात. नकाशा मोजमापाचा हवा आणि त्यात रस्त्याची मध्यरेषा, डांबरी कड, साइडपट्टी, महामार्गाची संपादित हद्द, नाले, मोऱ्या, विजेचे खांब आणि जवळचे चौक व फाटके अंतरासह दाखवावीत. इमारत रेषा (जिच्या आत बांधकाम चालत नाही) आणि नियंत्रण रेषाही (जिच्यापर्यंतच्या बांधकामावर निर्बंध असतात) काढा. बिगरशहरी सपाट भागात राष्ट्रीय महामार्गासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे त्या मध्यरेषेपासून अनुक्रमे 40 आणि 75 मीटरवर येतात. शेड, टाकी किंवा भिंत इमारत रेषेच्या आत असेल तर आक्षेप निघतो.

पेट्रोल पंपासाठी आत येताना वेग कमी करण्याची पट्टी किमान 70 मीटर लांब आणि 5.5 मीटर रुंद, तर बाहेर पडताना वेग घेण्याची पट्टी किमान 100 मीटर लागते. या लांबीचा काही भाग शेजाऱ्याच्या प्लॉटसमोर जातो. जमीन महामार्गाच्या हद्दीतली असली तरी शेजाऱ्याचे फाटक त्याच पट्टीत उघडत असेल, तर दोघांचीही अडचण होते. म्हणून आधीच बोलून घ्या.

फाटक आणि आतला पहिला अडथळा (सुरक्षारक्षकाची चौकी, वजनकाटा, पंपाचे यंत्र) यांत पुरेशी लांबी ठेवा. साधा मालट्रक 12 मीटरपर्यंत लांब असतो, म्हणजे दोन ट्रक थांबायचे तर 25 मीटर तरी हवेत. वजनकाटा फाटकालाच चिकटवला की मागचा ट्रक महामार्गावर उभा राहतो. रात्री मागून येणाऱ्याला तो दिसत नाही, आणि अशा धडकेत माणसे जातात.

पाण्याचा निचरा वेगळा दाखवा. प्रवेशरस्त्याचा उतार महामार्गाकडे नको, आणि कडेच्या नाल्यावर भराव टाकून चालत नाही. त्यावर पाइप किंवा स्लॅबची मोरी बांधावी लागते.

कागदपत्रे

- चालू सातबारा, आठ-अ आणि संबंधित फेरफार. शहरी जागेला मालमत्ता पत्रक
- भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा ‘क’ प्रत आणि गट किंवा गाव नकाशा
- अकृषिक परवानगी किंवा झोन दाखला
- जागा भाड्याची असल्यास नोंदणीकृत भाडेपट्टा आणि मालकाची संमती. सहहिस्सेदार असल्यास सर्वांची संमती
- अर्जदाराची ओळखपत्रे. कंपनी वा भागीदारी असल्यास सही करणाऱ्याचे अधिकारपत्र
- पेट्रोल पंपाला तेल कंपनीचे इरादापत्र
- प्रवेशरस्ता, निचरा, फलक आणि पट्टे दाखवणारे सही-शिक्क्याचे नकाशे. दोन्ही दिशांनी काढलेली छायाचित्रे
- हमीपत्र : रुंदीकरण झाल्यास स्वखर्चाने बदल करणे, नुकसानीची भरपाई देणे, महामार्गाच्या हद्दीत काहीही न बांधणे

सातबाऱ्यावरचे नाव, भाडेपट्ट्यावरचे नाव आणि अर्जदाराचे नाव यांत फरक असेल तर अर्ज करण्याआधी दुरुस्त करा. संपादनानंतर गट क्रमांकाचे पोटहिस्से पडलेले असतात आणि जुना उतारा जोडला जातो, ही नेहमीची चूक आहे. संपादित झालेले क्षेत्र वजा करूनच नकाशा काढा.

अर्ज ते परवाना

अर्ज मंत्रालयाच्या ‘राजमार्ग प्रवेश’ पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. प्रवेशाचा हेतू आणि मुदत स्पष्ट लिहा. कलम 29 ला तेच हवे असते. ‘व्यापारी वापर’ एवढे पुरेसे नाही : रोज अंदाजे किती आणि कोणत्या गाड्या येतील, सर्वांत जास्त गर्दी कोणत्या वेळी, हे द्या. शुल्क पोर्टलवर दिसते त्याप्रमाणे भरा.

त्यानंतर स्थळपाहणी होते. त्या दिवशी फाटकाची रुंदी, पट्ट्यांची सुरुवात आणि शेवट, महामार्गाची हद्द चुन्याने आखून ठेवा. नकाशातले अंतर तिथल्या तिथे टेपने मोजता आले की निम्मे प्रश्न जागेवर मिटतात. त्रुटी कळवल्या तर सगळ्यांची उत्तरे एकदम द्या.

प्रस्ताव मान्य झाला की परवाना करारनामा होऊन आधी तात्पुरती परवानगी मिळते. तिच्यावर प्रवेशरस्ता मंजूर नकाशाप्रमाणे बांधायचा. व्यवसायाला प्रवेश उघडायचा तो पूर्ण झालेल्या कामाची तपासणी होऊन अंतिम परवानगी मिळाल्यावरच. रस्त्यालगत खोदाईपूर्वी कार्यालयाला कळवा आणि फलक, बॅरिकेड, रात्रीचे दिवे लावा.

या परवानगीत दुभाजक उघडण्याचा हक्क येत नाही. पलीकडचे गिऱ्हाईक मिळावे म्हणून दुभाजक फोडणे हा राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 च्या कलम 8-ब खाली गुन्हा ठरू शकतो आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पलीकडच्या वाहनांसाठी पुढचा अधिकृत यू-टर्न किती अंतरावर आहे, एवढे फलकावर लिहा.

परवाना वापराशी बांधलेला असतो. गोदामाचे हॉटेल केले, मालक बदलला किंवा शेजारचा प्लॉट जोडला, तर नव्याने कळवून मंजुरी घ्या. मुदत संपण्याची तारीख करारनाम्यात असते. नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी करा, आणि मोरीतला गाळ, फिकट झालेले पट्टे, झाडोऱ्यात गेलेले फलक दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहून घ्या. ही देखभाल परवानाधारकाच्या खर्चाने होते.