एक इंची बोअर आणि गरम पाण्याचा टब

दिवाळी झाली आणि भाच्याचा फोन आला. हवा भरून फुगवायच्या, गरम पाण्यात बसायच्या टबाचा फोटो त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच टाकून ठेवला होता. "मामा, आईच्या गुडघ्यासाठी हे घ्यायलोय. चालंल ना आपल्या लाईटवर?" घर परभणीपासून दहा-बारा किलोमीटरवर, बिलावर मंजूर भार दोन किलोवॅट आणि डीपी (गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. टब नऊशे लिटरचा, त्याचा हीटर दोन किलोवॅटचा. म्हणजे टब चालू असताना घरात दुसरं काहीच लावायचं नाही, हे कागदावरच ठरलेलं.

त्याची भीती मात्र प्लगची होती. यूट्यूबवर असले टब दाखवणारे बहुतेक जण अमेरिकेतले. तिथला साधा प्लग १२० व्होल्टचा आणि १५ अँपिअरचा, म्हणजे फार तर १.८ किलोवॅट. म्हणून तिकडे साध्या प्लगवर चालणारे टब वेगळे आणि खास लाइन ओढून घ्यावी लागणारे वेगळे. आपल्या गीझरचा १६ अँपिअरचा पॉइंट २३० व्होल्टवर साडेतीन किलोवॅटच्या वर देतो. त्यांच्या दुप्पट! तेव्हा आपली अडचण भिंतीतल्या प्लगात नसते, ती बाहेर खांबावर असते. (तिकडचा १२० व्होल्टचा टब कुणी नातेवाइकानं पाठवला तर तो घ्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.)

आता हिशेब. एक युनिट वीज म्हणजे ८६० लिटर पाणी एका अंशानं तापवण्याएवढी उष्णता. हा एवढा आकडा पाठ असला की दुकानदार काय सांगतो ते ऐकायची गरज उरत नाही. टाकीतलं पाणी थंडीत २० अंशांवर असेल आणि ते ३८ वर न्यायचं असेल, तर ९०० लिटरला १८ अंश, म्हणजे जवळपास १९ युनिट. दोन किलोवॅटचा हीटर हे काम साडेनऊ तासांत करील. तेही मध्ये उष्णता अजिबात वाया गेली नाही तर. चारशे लिटरच्या टबाला साडेआठ युनिट पुरतात आणि सव्वाचार तास.

किलोवॅट आणि युनिट यांतला फरक भाच्याला समजावताना मी बोअरचं उदाहरण दिलं, कारण ते त्याला झोपेतसुद्धा कळतं. एक इंची पाण्याच्या बोअरवर शेततळं भरतं का? भरतं. दिवस लागतात, पण भरतं. फक्त तळाचा प्लास्टिकचा कागद फाटका नको. हीटरचे किलोवॅट म्हणजे बोअरची धार, युनिट म्हणजे तळ्यात साठलेलं पाणी, आणि कागद म्हणजे टबाचं झाकण. धार बारीक असली तरी चालतं, गळती चालत नाही. भार कमी असलेल्या घरानं टब निवडताना धारेपेक्षा तळ्याचा आकार आणि कागद बघावा, एवढंच माझं म्हणणं. पण जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतात ते टबातल्या पाण्यात हवा फुंकून काढलेले बुडबुडे.

धारेचं आणखी एक आहे. शेतीपंप सुरू झाले की आपल्याकडे व्होल्टेज १८० वर येतं, हे काही नवल नाही. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. व्होल्टेज २३० चं १८० झालं तर ते साधारण २२ टक्क्यांनी उतरलं, पण दोन किलोवॅटचा हीटर १.२ किलोवॅटवर येतो, म्हणजे जवळजवळ ४० टक्के गेले. साडेनऊ तासांचे पंधरा तास होतात. हीटर बिचारा मुकाट्यानं कमी काम करतो, त्याला इजा होत नाही. मोटरचं उलट असतं. व्होल्टेज कमी झालं की ती तेच काम करायला जास्त करंट ओढते आणि तापते. म्हणून टबात आधी मरतो तो पाणी फिरवणारा पंप. महावितरणकडे अर्ज करून मंजूर भार वाढवून घेता येतो, घ्यावाही. पण डीपी तीच राहिली तर व्होल्टेजही तेच.

गळतीकडे येऊ. उघड्या टबातली उष्णता सर्वांत जास्त पळते ती वाफेवाटे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते आणि ती उरलेल्या पाण्यातून जाते. म्हणजे चारशे लिटरच्या टबातून एक लिटर उडालं की सगळं पाणी जवळजवळ दीड अंशानं गार. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे कूलर जो झकास चालतो (आणि कोकणात चालत नाही), तो हवा कोरडी म्हणून. थंडीतली आपली हवाही कोरडीच असते. त्यात परभणीचा पारा रात्री दहाच्या खाली येतो. टब उघडा ठेवला की तो कूलर झालाच. बुडबुड्यांचं बटण म्हणजे याच कामाला लावलेला पंखा: कोरडी गार हवा पाण्यातून फुंकायची, वाफ वाढवायची आणि वर त्या ब्लोअरला वेगळी वीज द्यायची. पुष्कळ लहान टबांत हीटर आणि ब्लोअर दोन्हींचा भार एकदम झेपत नाही, म्हणून बुडबुडे चालू केले की हीटर आपोआप बंद होतो. हे माहितीपत्रकात अगदी बारीक छापलेलं असतं.

झाकण चांगलं आहे का, हे घरच्या घरी मोजता येतं. रात्री झोपताना हीटर बंद करून तापमान लिहायचं, सकाळी पुन्हा बघायचं. जितके अंश उतरले त्याला लिटरनं गुणा, ८६० नं भागा. आलेला आकडा म्हणजे रात्रीत गमावलेली युनिटं. झाकण पाण्याला टेकलेलं, कडेनं घट्ट बसणारं आणि आत फोम असलेलं हवं. टबाखाली फोमची चटई हवी, कारण शहाबादी फरशी रात्रभर उष्णता ओढत राहते.

किनवट तालुक्यात उनकेश्वरला हे सगळं काम जमीन फुकट करते, तिथे गरम पाण्याचे झरेच आहेत. बाकी मराठवाड्याला फुकट मिळतं ते ऊन. थंडीत आभाळ स्वच्छ असतं आणि दोनशे लिटरचा सोलर हीटर चांगल्या उन्हात ६० अंशांच्या आसपास पाणी देतो. त्यात २० अंशांचं दोनशे लिटर मिसळा: चारशे लिटर, ४० अंश. मीटर हललंही नाही. मग विजेच्या हीटरला फक्त गळती भरून काढायची आणि त्याला एक किलोवॅटसुद्धा पुरतो. बुडबुड्यांचे पैसे वाचवून सोलर घे, असं मी भाच्याला स्पष्टच सांगितलं.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, वायर वाचवतो, माणूस नाही. तो १६ अँपिअरच्या वर गेल्यावर पडतो, आणि माणूस मरायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो, त्यातून अंग ओलं. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की तो लाइन तोडतो. तो बसवा, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जा, कारण कोरडी जमीन करंट नीट घेत नाही. एक्स्टेंशनचं रीळ गुंडाळलेलंच ठेवून त्यावर हीटर लावू नये. वायरीची उष्णता आतल्या आत कोंडते आणि वेटोळं वितळतं.

टब गच्चीवर नको. पाणी ६० सेंटिमीटर खोल असेल तर प्रत्येक चौरस मीटरवर ६०० किलो येतात, आणि घराचा स्लॅब साधारण २०० किलोच्या हिशेबानं बांधलेला असतो. माळवदाचं घर असेल तर विचारूच नका.

राहता राहिलं पाणी. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात नऊशे लिटर रोज ओतून द्यायला मन धजत नाही. पण कोमट साठलेलं पाणी जंतूंना मानवतं, म्हणून क्लोरीन लागतंच आणि गरम पाण्यातून ते लवकर उडतं. आठवड्यानं टब उपसायचा असेल तर लहान टबच परवडतो. बोअरच्या जड पाण्याचा क्षार कॉइलवर बसतो, तो अधूनमधून काढावा लागतो. पाणी ४० अंशांच्या वर नको, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत. बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं आणि टबातून हळू उठायचं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, झटकन उठलं की चक्कर येते.

भाच्यानं शेवटी चारशे लिटरचा, बिनबुडबुड्यांचा टब घेतला. पहिल्या रात्री ३८ होतं, सकाळी ३४ भरलं. म्हणजे १.९ युनिट, वाईट नाही. ताईला फोन करून विचारलं, गुडघे कसे आहेत? म्हणाली, "गुडघ्याचं राहू दे. तुझा भाचा तासातासाला झाकण उघडून थर्मामीटर बघायलाय, त्याला आधी सांग."