परवानगीच्या अडचणी (अनेक खात्यांचा संगणक)

एकाच संगणकावर अनेकांची खाती असताना एखादे सॉफ्टवेअर एकाच्या खात्यात नीट चालते आणि दुसऱ्याच्या खात्यात अडते, तेव्हा बहुधा परवानगीची अडचण असते. खानदेशात धुळे-अमळनेरकडे ही तक्रार ‘मन्हा खातामा चालस, त्यान्हा खातामा नई’ अशी कानावर येते. निम्मे निदान त्या वाक्यातच असते: सॉफ्टवेअर बिघडलेले नाही, खाते आडवे आले आहे.

विंडोजमध्ये कोणती फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची याची यादी त्या फाइलसोबतच असते. ही व्यवस्था १९९३ च्या विंडोज एनटीपासून आहे. पण घरोघरी पोहोचलेल्या विंडोज एक्सपीवर बहुतेक लोक ॲडमिनिस्ट्रेटर (सगळे अधिकार असलेले खाते) म्हणूनच बसत, त्यामुळे ती जाणवली नाही. व्हिस्टापासून (२००७) ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकारही विचारून मगच मिळू लागले आणि आपला डेटा ‘प्रोग्राम फाइल्स’मध्येच (सॉफ्टवेअर बसवले जाते आणि साध्या खात्याला लिहिता येत नाही त्या फोल्डरमध्ये) लिहिणारी जुनी सॉफ्टवेअर उघडी पडली.

सर्वांत फसवा प्रकार तो, ज्यात चूक दाखवणारी खिडकी येतच नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगचा वजनकाटा दोन पाळ्यांत चालतो, असे समजा. दिवसपाळीचे एक खाते, रातपाळीचे दुसरे, दोन्ही साधी. सकाळी आलेला माणूस पाहतो, तर रात्रीच्या ट्रॅक्टरांची एकही काटापावती दिसत नाही, आणि पावती क्रमांक कालच्या संध्याकाळपासूनच पुढे चालू होतो. पावत्या हरवलेल्या नसतात. जुन्या ३२-बिट सॉफ्टवेअरला मूळ जागी लिहिता आले नाही की विंडोज गुपचूप त्या-त्या खात्यातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरमध्ये वेगळी प्रत लिहिते. दोन खाती, दोन वह्या.

अशा वेळी आधी सॉफ्टवेअर बंद करून दोन्ही प्रतींचा बॅकअप घ्यावा आणि नोंदी एकत्र कराव्यात. सॉफ्टवेअरमध्ये डेटाची जागा बदलण्याची सोय असेल तर डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये न्यावा; नसेल तर आहे तिथेच फक्त डेटाच्या फोल्डरवर, ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’ भागात, ‘युजर्स’ गटाला ‘मॉडिफाय’ परवानगी द्यावी. यानंतर व्हर्च्युअलस्टोअरमधील जुन्या प्रती हलवायला विसरू नये. त्या तिथे राहिल्या तर सॉफ्टवेअर आधी त्याच वाचते आणि परवानगी देऊनही फरक पडत नाही. दुरुस्ती ‘झालीच नाही’ असे वाटण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

सगळ्यांनाच ॲडमिनिस्ट्रेटर करून टाकणे हा गावोगावी चालणारा उपाय घातक आहे. पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसला मग तेच अधिकार मिळतात, आणि हिशेबाची फाइल कोणाच्याही हातून पुसली जाऊ शकते. लिनक्सवर ७७७ ही, म्हणजे सर्वांना सर्व अधिकार देणारी, परवानगी देणे हीच चूक आहे. तिथे एक गट करून फोल्डरला ७७० (मालक आणि गटाला सर्व अधिकार, इतरांना काहीच नाही) देणे पुरते, मात्र नव्या फाइलींनाही तोच गट मिळेल अशी सोय करावी लागते.

विंडोज नव्याने टाकल्यावर दुसऱ्या ड्राइव्हवरचे जुने फोल्डर उघडत नाहीत, ते वेगळ्या कारणाने. खात्याचे नाव तेच ठेवले तरी आतला ओळखक्रमांक नवा असतो. यादीत नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसते. तिथे ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून आधी फोल्डरची मालकी घ्यावी लागते, मगच परवानगी देता येते.